झुडूप उपटायचा लिव्हर: वाफशावर वाघ, मुरमात मांजर

आधी निकाल सांगून टाकू. जंगलात घुसलेली परकी झुडपं मुळासकट काढण्यासाठी जो लोखंडी लिव्हर मिळतो, तो घेण्यासारखा आहे. मात्र सगळीकडे नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर वाफशावरच्या (ओल्या, पण पायाला न चिकटणाऱ्या) पोयट्याच्या जमिनीत साडेचार, वाळलेल्या चिकण मातीत दोन, मुरमाड उतारावर दीड आणि ओढ्याच्या काठावर सरळ शून्य. अवजार तेच, माणूसही तोच, गुण फिरतात ते जागेमुळे.

यात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ऊन किती पोचतं, ओल किती टिकते, माती किती खोल आहे, उतार कसा आहे, पूर्वी तिथे नांगर फिरलाय की आग लागलीय, यावर झुडूप कुठे फोफावणार हे ठरतं. लिव्हर चालणार की नाही हेही जवळजवळ याच गोष्टींवर ठरतं. म्हणून या अवजाराचं परीक्षण करायचं तर आधी जमीन वाचावी लागते. दुकानातल्या फरशीवर उभं करून दांडा हलवून पाहण्यात काही अर्थ नाही.

घडण

रचना साधी आहे. खाली एक सपाट पाया, त्याला जोडलेला स्थिर जबडा, समोर हलणारा जबडा आणि या सगळ्याला मागे ओढणारा लांब दांडा. दांडा मागे खेचला की आधी हलता जबडा खोडावर आवळतो, मग पायाच्या मागच्या कडेवर सगळं अवजार कलतं आणि खोड वर उचललं जातं. जितकं जोरात ओढाल तितकी पकड घट्ट होते. स्प्रिंग नाही, गिअर नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

ताकदीचा हिशेब तरफेचा. दांडा दीड मीटर आणि टेकूपासून जबड्यापर्यंतचं अंतर 15 सेंमी धरलं तर दहापट फायदा मिळतो. हाताने 30 किलोचा जोर लावला की खोडावर सुमारे 300 किलोचा ताण येतो. यातली गोम अशी की एवढ्या छोट्या भुजेमुळे एका ओढीत जबडा जेमतेम 12-13 सेंमी वर येतो. सोटमूळ त्याहून खोल असेल तर पकड सोडून, पाया पुढे सरकवून, खोड पुन्हा खाली धरून दुसरी ओढ द्यावी लागते. एका हिसक्यात झुडूप हातात येतं असं जाहिरातीच्या व्हिडिओत दिसतं, ते भुसभुशीत मातीतलं कोवळं रोप असतं.

आकार साधारण तीन-चार मिळतात. सगळ्यात लहान अडीच किलोच्या आसपास आणि एक इंची खोडापर्यंत चालणारा, सगळ्यात मोठा दहा-अकरा किलोचा आणि अडीच इंची खोड धरणारा. मोठा घेतला की छोटी कामंही त्यातच होतील असं वाटतं, पण तसं होत नाही. मोठ्या जबड्यात पेन्सिलीएवढं खोड सटकतं आणि दहा किलोचं लोखंड घेऊन दिवसभर जाळीतून वाकून चालणं ही वेगळीच शिक्षा आहे. दीड इंचापर्यंत धरणारा, पाच किलोच्या आसपासचा मधला आकार सर्वात उपयोगी. त्याहून जाड बुंध्यासाठी कुदळ आणि पहार आहेतच.

घेताना तीन ठिकाणं बोट फिरवून पाहावीत. एक, पाया आणि जबडा यांच्या जोडावरचं वेल्डिंग. सगळा ताण तिथेच येतो आणि तडा गेला तर पहिला तिथेच जातो. दोन, मधली पिन. ती बदलता येणारी नटबोल्टची असावी, ठोकून बसवलेली नको. तीन, जबड्याचे दात. फार धारदार दात साल सोलून काढतात, फार बोथट असतील तर ओलं खोड सटकतं. एकमेकांत बसणारे रुंद, चौकोनी दात सगळ्यात बरे.

ऊन: जाळी का झाली ते आधी बघा

घाणेरी (काही भागात टणटणी) हे झुडूप उदाहरणाला घेऊ, कारण उष्ण प्रदेशातल्या जंगलांत तिच्याइतकं पसरलेलं दुसरं झुडूप शोधावं लागेल. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली, बागेची शोभा म्हणून जगभर नेली गेली आणि बागेबाहेर पडली. घाणेरीला ऊन हवं. मोठ्या झाडांच्या दाट छताखाली ती मरत नाही, पण काटकुळी राहते, वर चढायचा प्रयत्न करते, फुलं-फळं थोडी धरते. छतात भगदाड पडलं, मोठं झाड कोसळलं, रस्ता काढला, लाकूडतोड झाली की तीच काटकुळी घाणेरी दोन-तीन पावसाळ्यांत माणूस शिरणार नाही अशी जाळी होते.

सगळी झुडपं मात्र अशी उन्हावर अडलेली नसतात. समशीतोष्ण पानगळीच्या जंगलांत बकथॉर्न आणि आमूर हनीसकल यांची युक्ती वेगळी. मोठ्या झाडांना पालवी फुटण्याआधी यांना फुटते आणि झाडांची पानं गळून गेल्यावरही यांची हिरवी राहतात. वर्षातले हे दोन मोकळे तुकडे पकडून ती छताखालीही वाढतात. त्यामुळे 'छत दाट आहे, इथे काही येणार नाही' हा भरवसा घाणेरीच्या बाबतीत बराचसा चालतो, बकथॉर्नच्या बाबतीत अजिबात नाही.

लिव्हरचा याच्याशी संबंध काय? भगदाडात वाढलेल्या घाणेरीच्या बुंध्यातून पंधरा-वीस खोडं फुटलेली असतात, खालचा गड्डा मुठीहून मोठा असतो आणि जबड्याला धरायला एकच एक खोड सापडत नाही. सावलीतली घाणेरी एक-दोन खोडांची, उथळ मुळांची, ती एका ओढीत निघते. म्हणजे सावलीत अवजार चमकतं आणि उन्हात घाम काढतं. कामाचा क्रमही त्यावरूनच लावावा. आधी छताखालची तुरळक रोपं काढावीत, मग भगदाडाची कड, शेवटी मधली जाळी. उलटं केलं तर सगळी ताकद जाळीत जाते आणि तोवर छताखालची रोपं फळाला येतात.

ऊन मोजायला डेन्सिओमीटर नावाचं छोटं उपकरण मिळतं. बहिर्वक्र आरशावर 24 चौकोन कोरलेले असतात. प्रत्येक चौकोनात चार ठिपके कल्पायचे, म्हणजे 96. ज्या ठिपक्यांवर मोकळं आकाश दिसतं ते मोजायचे आणि 1.04 ने गुणायचे, की मोकळ्या आकाशाची टक्केवारी मिळते. चारही दिशांना तोंड करून चार मोजमापं घ्यायची आणि सरासरी काढायची. लिव्हरबरोबर हे घ्यावंच असं नाही, पण काढणीनंतर छत मिटतंय की उघडंच आहे हे दरवर्षी नोंदवलं तर झुडूप परत येणार का याचा अंदाज बांधता येतो.

माती आणि वाफसा

या परीक्षणाचा खरा गाभा इथे आहे. शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पाऊस पडून गेला, जास्तीचं पाणी निचरलं, माती ओली आहे पण पायाला चिकटत नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचला तर फुटतो, ती अवस्था. लिव्हरचं सगळं नशीब या अवस्थेवर टांगलेलं आहे.

कारण सरळ आहे. मूळ निघायचं असेल तर त्याला धरून ठेवणारी माती मुळापेक्षा आधी सुटायला हवी. वाफशावर मातीची पकड मुळाच्या ताकदीपेक्षा कमी असते, म्हणून मूळ अखंड येतं. माती वाळली की पकड वाढते आणि मग सगळ्यात कमकुवत जागा तुटते. घाणेरीत ती जागा बुंध्याच्या जोडापाशी असते, म्हणजे जिथे तुटायला नको नेमकी तिथेच. वर आलेलं खोड बघून काम झाल्यासारखं वाटतं आणि खाली राहिलेल्या गड्ड्यातून एकाच्या जागी सहा धुमारे फुटतात. वाळलेल्या जमिनीत लिव्हर चालवणं म्हणजे एका अर्थी घाणेरीची छाटणी करून देणं.

फार ओलं असलं तरी पंचाईत. चिंब चिकण मातीत मुळाभोवती ढेकूळ येतं, खाली पोकळीत हवा शिरायला वाट नसल्याने खालून ओढ लागल्यासारखं होतं, आणि त्यात पायाच रुततो. आकडे मांडून पाहू. पाया 20 सेंमी बाय 12 सेंमी, म्हणजे 240 चौरस सेंमी. त्यावर 300 किलो आले की दर चौरस सेंमीला सव्वा किलो. दांडा मागे येईल तसा भार मागच्या कडेवर एकवटतो, म्हणजे प्रत्यक्षात दाब याहूनही जास्त. मऊ चिखल एवढं सोसत नाही. अशा वेळी झुडूप वर येण्याऐवजी अवजार खाली जातं. उपाय म्हणजे 40 सेंमी बाय 30 सेंमीची, दोन सेंमी जाडीची फळी. ती खोडाच्या मागे, पायाखाली टाकली की क्षेत्रफळ पाचपट होतं आणि दाब पाव किलोवर येतो. ही फळी अवजाराबरोबर द्यायला हवी होती. सहसा देत नाहीत.

जमीन जोखायची सोपी पद्धत अशी: आठ-दहा मिलिमीटर जाडीची लोखंडी सळई घ्या, झुडपापासून वीतभर अंतरावर शरीराचा भार टाकून खुपसा. 15 सेंमी किंवा जास्त गेली तर लिव्हर उचला. आठ सेंमीच्या आत अडली तर तो खाली ठेवा आणि कुदळ घ्या. मधल्या खोलीवर असेल तर एक झुडूप काढून बघा आणि त्याच्या मुळावरून ठरवा. सळई तीन-चार ठिकाणी खुपसावी, कारण एकाच ठिकाणी दगड लागला तर फसगत होते.

मातीच्या जातीनुसार वागणूक पार बदलते. रेताड आणि गाळाच्या जमिनीत मूळ स्वच्छ निघतं, माती झटकली की झाली. तिथे वाफशाची फारशी वाटही बघावी लागत नाही. पोयट्यात पावसानंतर दोन-तीन दिवसांनी उत्तम. काळ्या चिकण मातीत वाफशाची मुदत अवघी चार-पाच दिवसांची असते, त्याआधी चिखल आणि त्यानंतर दगड. मुरमात आणि जांभ्यात मूळ दगडांच्या फटीत शिरून तिथेच जाड झालेलं असतं. ते वर ओढणं म्हणजे बाटलीच्या तोंडातून फुगलेलं बूच काढणं. तिथे तुटणारच. अशा जागी दांड्याला जोर देऊन फायदा नाही, पिन वाकते.

उतार

उतारावर अवजार कसं धरायचं हे माहितीपत्रकात फारसं नसतं. दांडा उताराच्या खालच्या बाजूला ओढला तर जोर चांगला लागतो, पण मूळ अचानक सुटलं की माणूस पाठीवर खाली जातो आणि मागून पाच किलोचं लोखंड येतं. वरच्या बाजूला ओढलं तर पडायची भीती कमी, पण जमीन चढती असल्याने दांड्याला फिरायला जागा उरत नाही. म्हणून समपातळीला, म्हणजे उताराला आडवं उभं राहून ओढणं सगळ्यात बरं. एक पाय मागे, गुडघा किंचित वाकलेला, आणि वजन कधीही पूर्ण दांड्यावर टाकायचं नाही.

चढ जास्त असेल तर प्रश्न वेगळाच उभा राहतो. उपटल्यावर फूटभर रुंद आणि वीतभर खोल खड्डा पडतो. असे शंभर खड्डे उतारावर पडले की पहिल्या मोठ्या सरीत माती ओघळीने खाली जाते. आणि उघडी पडलेली, हललेली माती ही परक्या झुडपाच्या बीला हवी तशी गादी असते. ओढ्याच्या काठावर तर हे हमखास घडतं. काठ झुडपाच्या मुळांनीच धरलेला असतो, मूळ काढलं की काठ ढासळतो आणि वाहून गेलेलं बी खाली नवी वस्ती करतं. काठापासून दोन मीटरच्या आत लिव्हर नको. तिथे फळ धरायच्या आत छाटत राहायचं आणि बाजूला काठ धरणारी स्थानिक झुडपं, गवत लावायचं. शून्य गुण दिले ते यासाठी.

एक झुडूप, सुरुवातीपासून

तीन सेंमी जाड बुंध्याची घाणेरी समोर आहे असं धरू. कोयत्याने फांद्या काढायच्या, पण जमिनीलगत नाही. 40-50 सेंमीचा खुंट ठेवायचा, कारण शेवटी हाताने हलवायला तोच लागतो. भोवतीचा पालापाचोळा हाताने एका बाजूला ढीग करून ठेवायचा, तो परत लागणार आहे. बुंध्याभोवतीची दोन-तीन सेंमी माती खुरप्याने सारायची म्हणजे खोड आणि मूळ यांचा जोड दिसतो. जबडा शक्य तितका त्या जोडाच्या जवळ बसवायचा. वर धरलं तर खोड वाकतं आणि मोडतं.

आता दांडा हळू ओढायचा. दात सालीत रुतले की क्षणभर थांबायचं, मग सावकाश ताण वाढवायचा. बारीक मुळं तुटताना कर्रकर्र असा बारीक, सलग आवाज येतो. तो चांगला. एकदम कट् असा कोरडा आवाज आला तर मूळ मोडलं. ताण देऊन जमीन फुगत नसेल तर जोर वाढवायचा नाही. पकड सोडून अवजार काटकोनात फिरवून दुसऱ्या बाजूने ओढायचं, मग पुन्हा पहिल्या बाजूने. दोन-तीन दिशांनी हलवलेलं मूळ एकाच दिशेच्या दुप्पट जोरापेक्षा लवकर सुटतं. हिसका तर कधीच नाही. दांड्याला पाइप जोडून लांबी वाढवायचा मोह अनेकांना होतो, आणि वेल्डिंगला तडे जायचं हे एक मोठं कारण आहे.

मूळ निघालं की ते बघा. घाणेरीत सगळं मूळ यायलाच हवं असं नाही. पुन्हा फुटण्याची ताकद खोड आणि मूळ जोडणाऱ्या पट्ट्यात असते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली आणि 2009 मध्ये मांडलेली पद्धत यावरच उभी आहे. जमिनीच्या तीन ते पाच सेंमी खाली सोटमूळ कुदळीने तोडायचं, गड्डा उचलायचा आणि झुडूप मुळं वर करून ठेवायचं. म्हणजे बोटाएवढ्या जाडीवर तुटलेलं मूळ बघून हळहळायचं कारण नाही, वरचा जोड आला की काम झालं. मग प्रश्न पडतो की लिव्हर तरी कशाला? रास्त प्रश्न आहे. नुसत्या घाणेरीसाठी, दगडाळ जमिनीत, कुदळच सरस. लिव्हरचा फायदा उभ्याने काम करण्यात आहे. दिवसभर कुदळीने वाकून जी कंबर जाते ती इथे वाचते, आणि मऊ जमिनीत वेगही जास्त.

दुसऱ्या झुडपांचा हिशेब निराळा. बकथॉर्नही बुंध्यापासून फुटतं, तिथे लिव्हर चांगला. जपानी बार्बेरी जमिनीखालच्या भागांतून पुन्हा येते, म्हणून मागे राहिलेले पिवळे तुकडे (तिची मुळं आतून पिवळीजर्द असतात) बोटांनी चाचपून काढावे लागतात, आणि काटे साध्या हातमोज्यांतून सहज घुसतात. रोडोडेंड्रॉन पॉन्टिकम आम्लधर्मी, दमट जमिनीत फांद्या टेकवून मुळं धरत पसरतो, त्याच्या लहान रोपांपुरताच लिव्हर. रानमोडीची मुळं उथळ, ती हाताने निघते, लोखंड घरीच ठेवा. वेड्या बाभळीचं मूळ पाण्याच्या शोधात इतकं खोल जातं की रोप गुडघ्याएवढं होण्याआधी गाठलं तरच उपयोग.

नंतरचं काम

खड्डा लगेच भरायचा. मुळाची माती त्यातच झटकायची, पायाने दाबायची, बाजूला ठेवलेला पालापाचोळा वर पसरायचा. हे काम झुडपामागे मिनिटभराचं आहे, पण तेच टाळलं जातं. पालापाचोळ्याखाली ऊन पोचत नाही, माती फार तापत नाही आणि बऱ्याच बारीक बियांना उगवायची संधी मिळत नाही. बार्बेरी किंवा बकथॉर्नच्या जागी मुळात पालापाचोळाच उरलेला नसतो. बकथॉर्नच्या पानांत नत्र जास्त, ती भराभर कुजतात आणि गांडुळं उरलेलं संपवतात. अशा उघड्या जमिनीवर बाहेरून पाला आणून टाकावा लागतो. ऑटम ऑलिव्ह आणि स्कॉच ब्रूम ही झुडपं तर मुळांवरच्या जिवाणूंमार्फत हवेतला नत्र जमिनीत भरतात. ती उपटली तरी नत्र तिथेच राहतो, आणि त्यावर पुढचं तण माजतं. स्कॉच ब्रूमचं बी जमिनीत कित्येक दशकं जिवंत राहतं, म्हणून तिथे माती हलवणारं कुठलंही अवजार जपून.

उपटलेली झुडपं जमिनीवर आडवी टाकू नयेत. पावसाळी हवेत घाणेरीचं खोड ओल्या मातीला टेकलं की मुळं धरतं. मुळं आकाशाकडे करून दगडावर किंवा दुबेळक्यात अडकवून ठेवायची, वाळली की झालं. पिकलेली फळं असतील तर ती वेगळी भरून बाहेर न्यायची.

परत फेरी मारताना सगळीकडे सारखं फिरू नका. फळं खाणारे पक्षी जिथे बसतात, म्हणजे भगदाडातली एकटी उभी झाडं, वठलेले खोडके, कडेची उंच झाडं, त्यांच्याखाली बी पडतं आणि तिथेच रोपांचा ताटवा उगवतो. पहिली फेरी पहिल्या चांगल्या पावसानंतर, मग पुढची दोन वर्षं प्रत्येक फळधारणेआधी. पानगळीच्या थंड जंगलात बकथॉर्न हुडकायची वेळ पानगळ संपताना, सगळं तपकिरी झालेलं असताना हिरवं राहिलेलं तेवढं तेच. या फेऱ्यांत लिव्हर लागत नाही, रोपं चिमटीत निघतात.

गुरं किंवा हरणं फार असलेल्या जागी उपटून काही उपयोग होत नाही असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. घाणेरीची पानं विषारी, जनावरं तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि शेजारची स्थानिक रोपं मात्र फस्त करतात. म्हणून मोकळी केलेली जागा पुन्हा घाणेरीलाच मिळते. काट्याकुट्यांचं कुंपण घालून चराई दोन-तीन वर्षं थांबवता आली तर लिव्हरने केलेलं काम टिकतं. आगीचंही तसंच. वरचं जळतं, बुंधा जमिनीखाली सुरक्षित राहतो, आणि पहिल्या पावसात मोकळ्या उन्हात फुटवे येतात. 'आधी जाळू, मग उपटू' हा बेत ऐकायला सोयीचा आहे, पण जळालेल्या खोडावर जबड्याची पकड बसत नाही, कोळशासारखं कुस्करतं.

कुरकुरी आणि देखभाल

दातांत साल आणि चिखल अडकून पकड सुटते, दर पंधरा-वीस झुडपांनंतर तारेचा ब्रश फिरवावा लागतो. जोमाच्या वाढीच्या दिवसांत खोडात रस असतो आणि साल खोडावरून मोज्यासारखी निसटते. तेव्हा आधी साल खरवडून मग धरायचं. पिनला आठवड्याला थेंबभर तेल, आणि पिन वाकल्याचा संशय आला तर लगेच बदल. दाट जाळीत दांडा मागे फिरवायला दीड मीटर मोकळी जागा लागते, ती कोयत्याने करून घ्यावी लागते. या तयारीचा वेळ कुणी हिशेबात धरत नाही.

हातमोजे जाड चामड्याचे, डोळ्यांना चष्मा. ताणलेली फांदी सुटून तोंडावर बसते ती दांडा ओढताना नाही, जबडा सोडताना.

आणि निघण्यापूर्वी जंगलाच्या कडेलाच पाया, जबडा आणि बुटांचे तळ घासून घ्या. पायाच्या खालच्या पन्हाळीत चिखलाचा जो थर बसतो त्यात बी असतं. तोच लिव्हर दुसऱ्या दिवशी स्वच्छ जागेत टेकवला की पुढच्या पावसाळ्यात तिथे पायाच्या मापाच्या चौकोनात रोपं उगवलेली दिसतील.